बाराने मोजलेले दुकान

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, अविवाहित, धंदा बटणांचा, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाशिवाय, शुद्धीत लिहीत आहे. माझ्या शुद्धीची शंका भाच्याने काढली आहे, म्हणून आधी तीच मिटवते.

आमच्या दुकानात मोजणी बाराने होते. अंगठा त्याच हाताच्या चार बोटांच्या पेरांवरून फिरवला की बारा भरतात, हे वडिलांनी शिकवले. आमच्या वहीत १० म्हणजे एक डझन, १०० म्हणजे बारा डझन. दहाच्या आकड्यासाठी दोन भोकांच्या बटणाचे चित्र काढायचे, अकरासाठी चार भोकांच्या. शाळेत मी असे गणित लिहिले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "देवाने बोटं दहा दिलीत." मी विचारले, "मग पेरं कुणी दिली, सिस्टर?" दुपारभर वर्गाबाहेर उभी होते. त्यांच्याबद्दल मनात काही नाही. व्हरांड्यातला तो फिनाइलचा वास अजून आठवतो, आणि चक्क आवडतो.

गेल्या महिन्यात दवाखान्याच्या फॉर्मवर सवयीने मी वय ५८ लिहिले. म्हणजे पाच डझन आठ. भाचा लगेच डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "बघा, आत्याला स्वतःचं वयसुद्धा आठवत नाही. दुकान आता माझ्या नावावर झालेलं बरं." बाईंनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत पोचले. मग म्हटले, "आता याला विचारा." भाचा शहाऐंशीनंतर छताकडे बघू लागला. माझे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. त्याचे जोडले नाही. बाईंनी दिले नाही.

कलम एक. दुकान, मागची राहती खोली आणि सगळे लाकडी खण भाचीला. ती सहा वर्षे काउंटरवर उभी राहिली. तिचा भाऊ, म्हणजे हाच भाचा, सहा वेळा आला, तेही गाडी लावायला जागा मिळाली म्हणून.

कलम दोन. भाच्याला त्याने आणलेला संगणक. "आत्या, दोन दिवसांत दुकान आधुनिक केलं!" असे म्हणत त्याने आमच्या वह्या त्यात भरल्या आणि प्रत्येक १०० चे शंभर केले. शिंपीदादांनी शाळेच्या कोटांसाठी गळ्याची तीन डझन बटणे मागितली. मी चिठ्ठीवर ३० लिहिले. त्याने तीस मोजून दिली. सहा पोरे उघड्या गळ्याने वर्गाच्या फोटोत उभी आहेत. शिंपीदादा दारातूनच ओरडले, "साहेब, या सहांना काय डिंक लावू?" साहेबांनी माफी मागितली नाही, माझी चिठ्ठी दाखवली. तो फोटो फ्रेमसकट त्यालाच द्यावा.

कलम तीन. वडिलांच्या एकोणीस वह्या भाचीला. माझा भाऊ त्यांना 'बारा भानगडी' म्हणायचा. तो गेला, त्याच्याशी असलेला अबोलाही गेला. वह्यांना वाळवी लागू देऊ नये.

कलम चार. भाचीने दुकानात बारानेच मोजावे, नाहीतर दुकान विकून टाकावे.

हे कलम काल तिला वाचून दाखवले. ती बराच वेळ खणातली बटणे उगीच सारखी करत बसली. मग म्हणाली, "आत्या, पेरांवर मी मोजतेच की. पण तू गेल्यावर ते चार भोकांचं बटण वाचणारं दुसरं कोण आहे गं? मी एकटीनेच लिहायचं आणि एकटीनेच वाचायचं?"

मी म्हटले, "मग विक दुकान."

"विकते," ती म्हणाली, आणि रडू लागली. मी कागदाची घडी घालून तो खणात ठेवला. 

कलम चार मी आज स्वतःच्या हाताने खोडले आहे. खोडल्या जागी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही आहे. तिने हवे तसे मोजावे. दुकान उघडे ठेवावे. या खाडाखोडीवरून भाच्याने कोर्टात जाऊ नये. बाकी सगळा कागद मी माझ्या मनासारखा लिहिला आहे. एवढी एक रेघ मनाविरुद्ध, तिच्यासाठी मारली.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही). शिंपीदादा (सही).
स्थळ: दुकान, मोठा काउंटर.
तारीख: सतरा सप्टेंबर, दोन हजार एकोणीस.
(सही) बटणवाल्या बाई