विहिरीतला तारा

९ एप्रिल १९७३, सोमवार
विहिरीचं पाणी कडू लागलं. पुन्हा चूळ भरून पाहिली. कडूच. राहीला सांगितलं. ती म्हणाली, आरोग्यवाल्यानं पावडर टाकलीया, घागरीत जरा निवळू द्या. आमची ही बायको जन्मभर सगळं निवळूच देत आली आहे.

पावडरीबद्दल बायबलात योहानाने काही लिहिलेलं नाही. ताऱ्याबद्दल लिहिलं आहे. मशालीसारखा पेटलेला तारा पडेल, त्याचं नाव कडूदवणा, पाणी कडू होईल आणि पुष्कळ माणसं मरतील. मागे एका रात्री अंगणात आडवा पडलो होतो तेव्हा तारा तुटलेला मी स्वतः पाहिला. विहिरीच्याच अंगाला गेला. तेव्हा बोललो नाही. आपल्यामुळे घबराट नको.

राही नुकती तापातून उठली आहे. गळ्याची हाडं दिसतात. आणि पाणी पिते तांब्या-तांब्या.

ठराव : तिला वाचवायचं. शांतपणे.

१० एप्रिल
शांतपणा जमला नाही. तिच्या हातातला तांब्या हिसकावला. ती म्हणाली, प्याले तर मरन, न्हाई प्याले तर बी मरन, मग पिऊनच मरते की. तांब्या परत घेतला.

मी चहाशिवाय काही घेत नाही. उकळल्यावर ताऱ्याचा जोर कमी होत असावा.

११ एप्रिल, बुधवार
गोरक्षला विचारलं, कडूदवणा कधी पाहिलास का. हा शेजारचा शेतकरी. त्याची विहीर आटल्यापासून आमच्याच विहिरीवर येतो. म्हणाला, दवना चैतात देवाला वाहत्यात, त्यो वासाचा आसतो, कडू कशाला आसंल? मग ताऱ्याचं सांगितलं. तर म्हणतो, शिमोनबाबा, तारा पडला आसता तर खड्डा पडला आसता, आन् खड्ड्याला पानी तरी लागलं आसतं.

हसला. नोहा तारू बांधत होता तेव्हाही लोक हसत होते.

१२ एप्रिल
पाळकसाहेबांकडे देवळात गेलो. त्यांनी बसवून घेतलं. म्हणाले, बाबा, ती खूण आहे. देवाला सोडलेल्या माणसाच्या मनात जो कडवटपणा येतो, त्याचं ते चित्र. घाबरू नका, प्रीतीने वागा.

अर्थ चांगला आहे. पण पाणी मन पीत नाही, राही पिते. साहेब थिऑलॉजी शिकलेले. मी चौथी नापास, पण जन्म मिशनच्या फाटकावर चौकीदारीत गेला. आत काय येतं ते मला आधी कळतं.

रात्री तिच्या नाकापुढे हात धरला. श्वास चालू होता. ती जागी झाली. काय म्हणाली ते लिहीत नाही.

१५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
दुष्काळात शिंदी वाळल्या, झावळी कुठेच नाही. म्हणून यंदा पोरांनी कडुलिंबाच्या डहाळ्या घेऊन मिरवणूक काढली. होसान्ना म्हणताना एकदम उजेड पडला. मारा नावाच्या ठिकाणी पाणी कडू होतं. देवाने मोशेला झाड दाखवलं, मोशेने ते पाण्यात टाकलं, पाणी गोड झालं. कोणतं झाड ते लिहिलेलं नाही. म्हणजे कोणतंही चालत असणार. आणि या डहाळ्यांवर तर प्रार्थना झालेली आहे.

१६ एप्रिल, दुपार
सगळे सडकेच्या कामावर खडी फोडायला गेलेले. राही झोपलेली. देवळामागचा डहाळ्यांचा ढीग ओढत नेला आणि विहिरीत टाकला. तरंगल्या तर लोक विचारतील, म्हणून आधी दगड बांधले. पाणी तळाशीच आहे, त्यामुळे गुण लवकर येईल.

धाप लागली. पण काम फायनल.

१८ एप्रिल, बुधवार
चाखलं. विष. जीभ वळेना. तारा माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला.

शेजारच्या साळूबाईंनी विहिरीवरच थुंकून टाकलं. म्हणाल्या, बाबा, तुमी म्हनत हुता ते खरं झालं वो. गोरक्ष हसला नाही. चारचौघांनी विचारलं, आता काय करायचं. मी गंभीर राहिलो.

राही तरीही प्यायली, आणि ओकली. तिला काही होईल याची भीती वाटते हे मी सांगू कोणाला?

२० एप्रिल, उत्तम शुक्रवार
गोरक्ष दोर लावून विहिरीत उतरला. काळा, बुळबुळीत पाला वर आला. दगडही आले, माझ्या जुन्या पटक्याच्या चिंध्यांनी बांधलेले. राही बघत होती. चिंध्या सोडवून तिने पदरात घेतल्या.

घरी आल्यावर मी मोशेचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, मोशेला बायकू हुती का? हुती म्हणालो. मंग त्यानं तिला इच्यारलं आसंल, कोन्चं झाड म्हनून.

विहीर उपसून टाकावी लागली. झरा करंगळीएवढा. पुन्हा भरेपर्यंत पाणी मिशनच्या बंगल्यावरून, माळ ओलांडून.

ठराव : घागर मी आणणार. राहीने घराबाहेर पडायचं नाही.

२२ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार
काल गेलो होतो. भरली घागर खांद्यापर्यंत गेलीच नाही. रिकामी घेऊन आलो, ती माळावर दोनदा पडली. राही म्हणाली, ऱ्हाऊ द्या, पोचा पडंल.

आज उपासना झाल्यावर तीच गेली. साळूबाईंची सोबत घे म्हणालो, तर त्या पुढे गेलेल्या. ऊन चढलं. मी दारात बसलो आहे. साळूबाई मघाशीच आल्या. म्हणाल्या, येतीया, बसत बसत येतीया.

माळावर अजून कोणी दिसत नाही.