मधल्या स्पीकरची सेवा

३ मार्च, सोमवार

आजपासून आयुष्याला दिशा.

जोवेलिनच्या घरी गेलो होतो. तिची आजी, लोला सेपा, टीव्हीपुढे वाकून मालिका बघत होती आणि दर वाक्याला विचारत होती, काय म्हणाला मेला? बंदूक उडाली की खिडक्या थरथरतात, माणसं मात्र तोंडात गरम भात कोंबल्यासारखी बोलतात. जोवेलिन म्हणाली, लोलाला कानाच्या डॉक्टरकडे न्यायला हवं, यंत्र बसवावं लागणार. लोला भडकली. म्हणाली, माझे कान ठणठणीत आहेत, त्या खोक्यालाच बोलता येत नाही.

मी तिथल्या तिथे शब्द दिला. एकवीस तारखेला मालिकेचा शेवटचा भाग. त्यातला शब्द न् शब्द ऐकवीन, नाहीतर एर्विन नाव लावणार नाही. जोवेलिन काहीतरी म्हणणार होती, पण थांबली. भारावली असावी.

४ मार्च

आजोबांच्या काळी इथे इलोइलोत मुलगी हवी असेल तर तिच्या घरी पाणी भरायचे, लाकडं फोडायचे. घरचे खूश झाले की लग्न. मी पाणी भरणाऱ्यातला नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सची अडीच वर्षं केली आहेत. (उरलेली दीड त्या गाढव प्राध्यापकामुळे गेली. माझं सर्किट बरोबरच होतं. जळलं ते वेगळ्या कारणाने.) मी सेवा करणार ती आवाजाची. मग लोलाकडे रीतसर मागणी.

नोंद असावी म्हणून: जानेवारीत जोवेलिन मला नाही म्हणाली होती. दोनदा. पण पहिल्यांदा चर्चबाहेर, मागे जीपनीचं इंजिन गुरगुरत होतं. दुसऱ्यांदा शेजारी कराओके. एवढ्या गोंगाटातलं उत्तर शास्त्रीयदृष्ट्या ग्राह्य धरता येत नाही.

५ मार्च, कपाळाला राख लावण्याचा बुधवार

सिस्टीमची पाहणी. माल उत्तम. जोवेलिनच्या वडिलांनी चार वर्षांपूर्वी जहाजावरून पाठवलेला, हॅम्बुर्ग बंदरात घेतलेला. घरचं वळण बघा! मधल्या स्पीकरवर कंपनीचं प्लास्टिक अजून जसंच्या तसं, वर लोलाने विणलेला रुमाल. आमच्याकडेही आई सोफा, रिमोट, सगळं प्लास्टिकातच ठेवते. वस्तूची कदर असलेली माणसं. दोन्ही घरांचं जमेल.

संवाद सगळे त्या मधल्या स्पीकरमधून येतात. हे शंभरातल्या नव्व्याण्णवांना माहीत नसतं. कीव येते.

७ मार्च, शुक्रवार

मधल्या स्पीकरचा आवाज तीन घरं वाढवला. गरम भात आता मोठ्या आवाजात.

तेवढ्यात रामिल आला. हा पिण्याच्या पाण्याच्या बरण्या पोचवतो. खांद्यावर बरणी, डोक्यात तेवढंही नाही. थोडा वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, बॉस, ते प्लास्टिक का नाही काढत? मी मोठ्याने हसलो. म्हटलं, हा स्पीकर आहे, टॉफी नाही. मग त्याला पंधरा मिनिटं फ्रिक्वेन्सी समजावली. बोलण्याची स्पष्टता व्यंजनांत असते, व्यंजनं वरच्या पट्टीत असतात, वगैरे. तो म्हणाला, बरं बॉस, बरणी कुठे ठेवू?

जोवेलिन त्याच्यामागे स्वयंपाकघरात गेली. रिकामी बरणी द्यायला. अकरा मिनिटं लागली. बरणी जड असणार.

१० मार्च

संकल्प: चिडायचं नाही.

घुमणाऱ्या आवाजाचा मोठा डबा आहे ना, तोच बंद केला. लोला म्हणाली, तोतो, आता तो खलनायक गोळी झाडतो की शिंकतो? सगळ्या पोरांना ती तोतोच म्हणते, पण मला म्हणताना सूर वेगळा असतो. माया.

१३ मार्च

भिंतीवर आवाज आपटून परत येतो, म्हणून अंड्यांचे बत्तीस पुठ्ठे चिकटवले. जोवेलिन म्हणाली, भिंत अशी का दिसतेय? मी म्हटलं, विज्ञान. ती म्हणाली, कॉलेजला पुन्हा प्रवेश घ्यायचे फॉर्म निघालेत, तिकडे विज्ञान लाव. माझ्या भविष्याची किती काळजी!

सायंकाळी पुठ्ठे पडले. एक लोलाच्या सूपमध्ये.

१७ मार्च

मोजमापाचा माइक मित्राकडून आणला. चाचणीला पूर्ण शांतता लागते. शेजारच्या कोंबड्याला शांततेचं वावडं. मालकाला सभ्यपणे सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या टीव्हीसाठी कोंबड्याने काय पुस्तक वाचायचं का? मग मी सभ्य राहिलो नाही. (संकल्प उद्यापासून पुन्हा.)

रागाच्या भरात भलतंच बटण दाबलं गेलं. आता सगळी सिस्टीम जर्मन भाषेत सूचना देते.

रामिलने पुन्हा प्लास्टिकचा विषय काढला. माणसाने आपली पायरी ओळखावी.

२० मार्च, गुरुवार

जर्मन कायम. भात कायम. लोला दुपारी म्हणाली, तोतो, असू दे. यंत्र घेते मी कानाला. म्हातारी झाले, दुसरं काय.

हे ऐकून सगळ्या वायरी पुन्हा तपासल्या. पण आत्मविश्वास अबाधित.

व्यंजनांची शेवटची चाचणी म्हणून कराओकेचा माइक जोडला. त्यातला एको, म्हणजे प्रतिध्वनी, काढून टाकला. एको म्हणजे स्पष्टतेचा शत्रू. जोवेलिनला म्हटलं, बोल काहीतरी. ती म्हणाली, बोलेन, वेळ आली की.

उद्या वेळ येणार. मागणीचं भाषण पाठ.

२१ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी सहाला पोचलो. शेवटचा भाग बघायला अर्धी गल्ली जमलेली, कोंबड्याचा मालकसुद्धा. रामिल आधीच आत.

त्याने लोलाला विचारलं, काढू का? लोला म्हणाली, पोरीचे वडील परत आले की काढायचं म्हणून ठेवलं होतं. काढ बाबा, उद्यापासून तसेही माझे कान डॉक्टरचे. त्याने रुमाल उचलला, घडी घालून तिच्या हातात दिला आणि अंगठ्याच्या नखाने प्लास्टिक सोललं. चार सेकंद.

नायिका म्हणाली, मी तुला कधीच माफ करणार नाही. प्रत्येक अक्षर वेगळं. ओठ मिटल्याचा आवाजसुद्धा.

लोला रडायला लागली. नायिकेसाठी नाही. म्हणत होती, सांगत नव्हते मी? कान नाहीत, खोकं आहे!

जाहिराती लागल्या. लोला खुशीत. कराओकेचा माइक उचलून म्हणाली, तोतो, अठरा दिवस आलास, तुझी मेहनत दिसली. बोल, काय हवं तुला? मी पाठ केलेलं भाषण म्हटलं, सगळं, जोवेलिनच्या डोळ्यांच्या उपमेसकट. गल्ली शांत. कोंबडाही शांत.

लोलाने माइक नातीपुढे धरला.

जोवेलिन म्हणाली, नाही, एर्विन. जानेवारीतही नाहीच म्हणाले होते. दोनदा.

एको नव्हता. मीच काढला होता. त्यामुळे एकदाच ऐकू आलं, पण पूर्ण. समोरच्या बाचोयच्या, नूडल्सच्या सूपच्या, टपरीपर्यंत पोचलं असावं.

मग मालिका पुन्हा सुरू झाली. सगळ्यांना सगळं कळत होतं.

२२ मार्च, शनिवार

बाचोयवाल्याने न मागता वाटीत जास्तीचं नळीचं हाड घातलं. म्हणाला, खा, बरं वाटेल. म्हणजे पोचलंच होतं.

जोवेलिनच्या दारात रामिलच्या बरण्या दिसल्या. भरलेल्या. पाणी भरायची पद्धत अजून चालू आहे तर.

घरी आलो. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक काढलं.

आई ओरडली. स्पष्ट ऐकू आलं.