परक्या बाळावर धरलेला पदर

विठ्ठलवाडी, मार्च १९९४

विशू बाळा,

तू हौसेनं तुझ्याकडे यायचं तिकीट पाठवलेलंस गं, म्हणून तेव्हा बोलले नाही. सिडनीला उतरायच्या आधी हवाईसुंदरी डासांचं औषध फवारत आली, थेट आमच्या डोक्यांवर. कुणाला विचारलं नाही. आपल्या चाळीत डीडीटीवाले निदान आधी ओरडतात, मग आपण पोरं, हंडे बाहेर काढतो. विमानात कुठे काढणार? शेजारची बाई तान्हं घेऊन झोपलेली. मी पटकन त्याच्या तोंडावर पदर धरला. ती जागी झाली आणि माझ्यावरच खेकसली! फवारणारीला मात्र चकार शब्द नाही.

बाळंतपणाला तू इकडे येणार. हे वाचलंस तर यायचीच नाहीस, म्हणून पत्र टाकत नाही. पण बाळाला घेऊन परत जाताना कुणी असा पदर धरला, तर ओरडू नकोस गं.

तुझी आई