दादाची फाइल

३ नोव्हेंबर

पोचले एकदाची. बसने हाडं खिळखिळी केली, शेवटच्या घाटात पोटातलं सगळं तोंडाशी आलं, पण समोर बंदर दिसलं आणि शीण पळाला. धक्क्याला टेकलेल्या निळ्या-हिरव्या होड्या, वाळत घातलेली जाळी, आणि मांजरं. इतकी लठ्ठ मांजरं मी जन्मात पाहिली नव्हती. खोली मिळाली ती बर्फाच्या कारखान्याच्या वर. खाली यंत्र सुरू झालं की पलंग थरथरतो. आईला फोनवर म्हटलं, इथे फुकटात मालिश आहे. ती हसली नाही. दादा आत गेल्यापासून ती हसतच नाही.

दादा इथे होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला आला आणि वर्ष व्हायच्या आत खुनी ठरला. एक तरुण खलाशी धक्क्यावरून पडून बुडाला, तर म्हणे दादाने ढकललं. दादाने! घरातलं झुरळ कागदावर घेऊन बाहेर सोडणारा माणूस तो. इथल्या कोर्टाने सात वर्षं ठोकली. अपील करायचं तर निकालाची नक्कल हवी, पोलिसांचे कागद हवेत. टपालाने मागून मागून आमचे वकीलसाहेब थकले. आई रोज एकच विचारायची, कुणी तिथे जाऊन का बघत नाही? शेवटी मीच उठले. वकिलाच्या ऑफिसात कारकुनी करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. कागद कुठे दडून बसतात ते मला विचारा. परतीची दोन तिकिटंसुद्धा काढून ठेवली आहेत. एक माझं, एक दादाचं. वकीलसाहेब म्हणाले, वेडी आहेस. असू दे.

४ नोव्हेंबर

पोलीस ठाणं आणि कोर्ट एकाच दगडी इमारतीत, अगदी पाण्याला लागून. ठाणं खाली, कोर्ट वर, मागच्या बाजूला रेकॉर्डची खोली. पदर खोचूनच गेले होते, म्हटलं, आज दोन हात करायचे. तर फौजदाराने स्वतः उठून खुर्ची दिली! सरकारी कचेरीत मला खुर्ची मिळाली हे आईला सांगितलं तर ती म्हणेल पोरीला ताप चढलाय.

रेकॉर्ड सांभाळणारा कारकून तर इतका मऊ बोलतो की कान पुढे करावा लागतो. मला ताई म्हणतो. गठ्ठे स्वतः उतरवून दिले, टेबल पुसून दिलं. म्हणाला, तोही बाहेरचाच; त्याच्यावरही इथे असाच खटला झाला होता, आणि बायकोने येऊन याच खोलीतून त्याच्या सुटकेचा कागद शोधून काढला. तेव्हापासून तो इथेच नोकरीला लागला. बायकोही इथेच राहिली म्हणाला. मला भरून आलं. म्हटलं, चला, माणसं आहेत जगात.

दादाला जिल्ह्याच्या तुरुंगात नेलेलंच नाही, इथेच खाली ठेवलंय. भेटू द्या म्हटलं, तर कागद सापडल्याशिवाय भेट नाही, असा इथला नियम. तो कुठल्या कायद्यात आहे ते मी विचारलं. फौजदार नुसता हसला.

६ नोव्हेंबर

दोन दिवस नुसता खारट धुरळा खातेय. कागदाला कागद चिकटलेले. भाजीची सुरी सारून एकेक सोडवते. पण काय सापडलं! इथले जुने खटले सगळे एका छापाचे. कुणीतरी बुडतं, बाहेरून आलेला कुणीतरी धरला जातो. कधी शाळामास्तर, कधी नर्स, कधी सुतार. शिक्षा होते. मग घरचं कुणीतरी येतं, कागद शोधतं, आणि आरोपी निर्दोष. सगळेच्या सगळे निर्दोष! असलं कोर्ट आमच्या वकीलसाहेबांना मिळालं असतं तर त्यांनी बंगला बांधला असता.

धाकटीचा फोन आला. मी पण येते ताई, दोघी मिळून शोधू, दादासाठी एवढं तरी करू दे म्हणून हट्ट धरून बसली. महिन्यावर लग्न आलंय आणि ही इथे गठ्ठे उपसणार! दटावून घरी बसवली.

७ नोव्हेंबर

सकाळी धक्क्यावर एक मजा बघितली. होडी निघायची तयारी, आणि एक खलाशी तापाने पडलेला. होडी काही सुटेना. शेवटी त्याची बायको आली, चूल टाकून आल्यासारखी ओल्या हातांनीच, आणि त्याच्या फळीवर जाऊन बसली. काम काही नाही, नुसतं बसायचं. लगेच दोर सोडला. कारकुनाला विचारलं, तर म्हणाला, इथे भरलेली जागा रिकामी करायची झाली तर घरचं माणूस बसतं. रिकामी ठेवली तर समुद्र आपल्या हाताने कुणाला तरी ओढतो. मी म्हटलं, आमच्या ऑफिसात एक जण नसला की बाकीचे त्याचं काम करतात आणि दिवसभर त्याला शिव्या घालतात. तोही हसला. भला माणूस.

८ नोव्हेंबर

सापडली! सापडली! सापडली!

खलाशी बुडाला त्या संध्याकाळी दादा ठाण्यातच बसला होता. पान्यांची पेटी चोरीला गेल्याची तक्रार द्यायला. ठाण्याच्या नोंदवहीत लिहिलंय, खाली दादाची सही, आणि अक्षर खुद्द फौजदाराचं. माझं डोकंच फिरलं. तशीच खाली गेले आणि विचारलं, माणूस तुमच्यासमोर बसला होता, कोर्टात तोंड का उघडलं नाहीत? त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. कुणी विचारलं नाही म्हणाला. वर माझं अभिनंदन केलं, आणि सोमवारी सुनावणी ठेवली. निर्लज्ज कुठला. सुटू दे दादा, मग बघतेच याच्याकडे.

१० नोव्हेंबर

दादा निर्दोष. जजबाईंनी चष्मा पुसला, कागद वाचला, निकाल सांगितला. चहा निवायलाही याहून जास्त वेळ लागतो. आईला फोन केला. ती खूप रडली. तू गुणाची गं माझी, लहानपणापासून गुणाची, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली आणि फोन ठेवला. कधी निघता ते विचारलंच नाही. आनंदात माणसाला सुचत नाही.

उद्या सकाळी ओहोटीला दादाला बाहेर काढणार आहेत. त्याचा धुतलेला शर्ट उशाशी घेऊन झोपते.

११ नोव्हेंबर

लिहिते. जसं झालं तसं लिहिते.

दादाला वर आणलं. ओळखला नाही मी. अंगाची कातडी पांढरी, सुरकुतलेली, दिवसभर धुणं धुतलेल्या हातांसारखी. ओठ मिठाने फुटलेले. मी मिठी मारायला गेले तर मागे सरकला. शर्ट दिला, तो घातला. दोन्ही तिकिटं पुढे केली. त्याने एकच घेतलं.

माझ्याकडे बघितलं नाही. सरळ बसच्या रस्त्याला लागला. मी मागे धावले तेव्हा फौजदाराने माझं कोपर धरलं, हळूच, म्हाताऱ्या बाईला रस्ता ओलांडून द्यावा तसं. म्हणाला,

“शिक्षा जागेला झालीय ताई, माणसाला नाही. माणूस निर्दोष होता, आम्ही सोडला. निर्दोष माणसाला आम्ही एक दिवस जास्त ठेवत नाही.”

मी ओरडले, बोचकारलं, चावले. जाळी विणणाऱ्या बायकांनी मान वर केली आणि परत खाली घातली.

नंतर कारकुनाने सगळं नीट समजावून सांगितलं. दादाला विचारलं होतं, तुझ्या जागी कोण बसेल. दादाने आधी आईचं नाव सांगितलं. आईला फोन लावून दिला. ती म्हणाली, मला दमा आहे, मी दोन दिवस टिकायची नाही, धाकटीचं लग्न ठरलंय, मोठीला पाठवते. तिला काही सांगू नका, ती आपणहून निघेल.

आणि मी आपणहून निघाले.

१२ नोव्हेंबर

खोली कोर्टाच्या बरोबर खाली. एका बाजूला लोखंडी जाळी, त्यापलीकडे समुद्र. कमरेला साखळी, भिंतीतल्या कडीला. बसायला दगड. ओहोटीला पाणी घोट्यापर्यंत. भरतीला — भिंतीवर हिरवी रेघ आहे, पाणी तिथवर चढतं. आतापर्यंत कुणीच एकदम मेलं नाही, असं फौजदार धीर द्यायला म्हणाला. दादाच्या ती रेघ हनुवटीखाली येत असणार. दादा माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे.

काल दगडावर चढून चवड्यांवर उभी राहिले. तोंड वर करून नाकाने श्वास. पाय लटपटला की नाकात पाणी. वर कोर्ट चालू होतं. खुर्च्या सरकल्याचं ऐकू येत होतं. कुणीतरी खोकलं.

मी ओरडले तर तोंडात पाणी गेलं. आता ओरडत नाही.

ही वही कारकुनाने कालच माझ्या खोलीवरून आणून दिली. वरच्या कोनाड्यात ठेवत जा म्हणाला, म्हणजे भिजणार नाही आणि फाइलला जोडता येईल. माझी फाइल. उघडली सुद्धा.

१३ नोव्हेंबर

ओहोटी. कारकून चहा घेऊन आला, कोरडं फडकं आणलं. माझे पाय सुजलेत, त्यांना तेल लावून दिलं. रडायला आलं त्याच्यासमोर — असल्या माणसासमोर!

सुटकेची वाट आहे म्हणाला. मी निर्दोष असल्याचा कागद त्याने एका गठ्ठ्यात घातलाय. घरचं कुणी येऊन शोधला की झालं. फक्त नाव सांगायचं. मी त्याच्या बायकोचं विचारलं. तिने कुणाचंच नाव दिलं नाही म्हणाला. मानी होती. जाळीपलीकडे बोट दाखवलं. तिथेच राहिली.

मी पण नाही देणार. मर म्हटलं त्याला. चहा लाथेने सांडला.

१४

आईचं नाव सांगितलं. आई, आई, आई, तीनदा. त्याने मान हलवली. आई फोन उचलत नाही. दादाने नंबर बदलला.

मग उरतं कोण, असं त्याने विचारलं नाही. फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं.

१५

झोप नाही — भरती दिवसातून दोनदा — एकदा ओसरली की दुसरीची भीती —

आज पाणी जास्त आहे. अमावास्या म्हणे. पुढचे दोन दिवस आणखी चढेल.

ती लगेच येईल. सांगायचीसुद्धा गरज नाही, ताई अडकली म्हटलं की — अंगावरच्या कपड्यांनिशी. खुळी आहे. लहानपणी माझ्या वाटचा मार खायची, मीच सांडलं म्हणून —

नाही.

नाही. नाही. तिचं लग्न —

१६

नाकातून रक्त

पंधरा दिवसच. ती बसेल, मी बाहेर जाऊन वकील, पेपर, सगळं जग उठवीन, तिला सोडवीन — दादाही असंच म्हणाला असेल का —

ती माझ्यापेक्षा बुटकी आहे

१६, परत

दगडावर उभी, तरी पाणी ओठांना लागलं. वही कोनाड्यातच धरून लिहितेय. तो जाळीपलीकडे होडीत बसलाय, कागद-पेन घेऊन. घाई नाही म्हणतो. ओसरली की परत येतो म्हणतो. नको, जाऊ नका, थांबा — ओसरेपर्यंत मी —

सांगते. थांबा. लिहूनच देते, बोलायला तोंड उघडता येत नाही.

नातं: बहीण, धाकटी. तिचं नाव