गोळीतला गो, स्टूलातला टू

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही ठीक, तूही ठीक असशील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुझा फोन वाजत राहतो, तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. आईचे गुडघे दुखतात. दुकानात शिलाईची गर्दी आहे. अण्णांची खाट खिडकीपासून हलवली, त्यामुळे खोली उगाच मोठी वाटते.

आधी हसून घे. तुझ्या या अडाणी बहिणीने लिनक्सवर सोर्स कोडपासून प्रोग्राम बिल्ड केला. हो, मीच, जिला तू साधा माउस धरू देत नव्हतास!

घशाच्या ऑपरेशनने अण्णांचा आवाज कायमचा जाणार होता, म्हणून दवाखान्यातल्या बाईंनी आधीच त्यांच्याकडून लागणारे शब्द रेकॉर्ड करून घेतले. मी ते तुला पाठवले. तू घरी न येता तिकडूनच प्रोग्राम करून धाडलास. पडद्यावरच्या शब्दाचं बटण दाबलं की अण्णांच्या आवाजात तो शब्द. पाणी. उशी. स्टूल. गोळी. आईचं नाव, माझं, मांजराचंसुद्धा. तुझं नाही. बाईंनी विचारलं होतं, "आणखी कुणाला हाक मारता?" अण्णा म्हणाले, "झाले सगळे." शिलाई मशीन सोडून तू कॉम्प्युटर धरलास, त्याचा राग तेव्हाही तसाच होता. ते रेकॉर्डिंग ऐकून एकेक शब्द कापताना तुला ते कळलं असणारच. त्यानंतरच तू फोन उचलणं सोडलंस.

गेल्या महिन्यात अण्णांनी पाटीवर लिहिलं, "गोटू घाल." मी म्हटलं, "कशात घालू?" त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. त्यांना तुला फोन करायचा होता आणि स्वतःच्या आवाजात, तुझ्या लहानपणीसारखी, 'गोटू' अशी हाक मारायची होती. त्यांनी लिहायचं आणि मी वाचून दाखवायचं, हे त्यांना चालणार नव्हतं. तुम्ही दोघं एकाच ताग्यातले.

शब्दांची यादी तू कोडच्या पोटात ठेवलीस, म्हणजे एक शब्द वाढवायचा तर सगळं पुन्हा बिल्ड. मला वाटलं, दोनदा क्लिक केलं की झालं. कसलं काय! तू पाठवलेला शिवलेला शर्ट वाढत नव्हता, सोबत दिलेल्या कापडावरून आणि मापांवरून नवाच शिवायचा होता. बिल्ड करायला 'मेक' अशी आज्ञा दिली की पडदाभर एरर. मी सगळ्यात खालची ओळ कागदावर उतरवून कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे पळायचे. तो एकदा वैतागला. "ताई, शेवटची ओळ काय वाचता? वर जा. पहिला एरर बघा, बाकीचे त्याच्यामागून येतात."

वर गेले, तर आवाजाची लायब्ररी नाही म्हणे. अरे, ती तर मी कालच घातली होती! मग कळलं, चालवायला एक पॅकेज आणि बिल्ड करायला तिचंच दुसरं, डेव्ह नावाचं. ते घातलं तर त्याने तिसरं मागितलं. अण्णा शेजारी खुर्चीत बसून बघायचे. एरर आला की पाटी वर करायचे. "पुन्हा."

हाक कुठून आणायची, हा प्रश्न होताच. "गोळी"मधला गो कापला, "स्टूल"मधला टू. कात्री चालवणं माझं कामच आहे.

शुक्रवारी मेक एकही एरर न देता संपलं. प्रोग्राम उघडला, तर गोटू नाहीच. शनिवार-रविवार मी उसवत आणि शिवत बसले. सोमवारी दुरुस्तीवाला घरी आला आणि त्याने कपाळाला हात लावला. नवा प्रोग्राम शुक्रवारपासून फोल्डरमध्ये तयार होता. तो जुन्याच्या जागी बसवणारं 'मेक इन्स्टॉल' मी केलंच नव्हतं, रोज जुनाच उघडत होते. एका ओळीचं काम होतं, दादा. शुक्रवारी अण्णा खुर्चीत बसत होते. सोमवारी त्यांचं बोट धरून मला बटणावर ठेवावं लागलं.

"गो-टू."

तुकडे नीट जुळले नव्हते. गोळी म्हणताना ते चिडलेले होते आणि स्टूल म्हणताना दमलेले, ते दोन्ही त्यात ऐकू येतं. त्यांनी पुन्हा दाबलं. मग फोनकडे खूण केली.

त्या संध्याकाळी माझ्या नंबरावरून तुला लागोपाठ जे फोन आले, ते माझे नव्हते. रिंग वाजत असतानाच ते बटण दाबायचे. मी म्हणत होते, "अण्णा, त्याला उचलू तर द्या." ते ऐकेनात. शेवटी आई उठून आतल्या खोलीत गेली. मला तुझा राग आला. अजून आहे.

मंगळवारी सकाळी अण्णा गेले. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, हात वळला नाही. त्यानंतर मीही तुला फोन केले. मेसेजमध्ये टाकायची ही बातमी नव्हे.

सोबत पेनड्राइव्ह आहे. त्यात कोड आहे आणि ते दोन तुकडे. माझा बिल्ड तुझ्या मशीनवर चालणार नाही म्हणतात, तेव्हा तुझा तुलाच करावा लागेल. इन्स्टॉल करायला विसरू नकोस. आणि ते तुकडे घासूनपुसून जुळवू नकोस. तुला सहज जमेल, ठाऊक आहे मला, पण अण्णांनी मारली ती हाक तशीच होती.

मला उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल. त्या हाकेला एकदा ओ दे.

तुझी,
धाकटी