सूर्य हलवण्याचं काम

२ जुलै

घेतलं! लंडनने पुस्तक घेतलं! ‘पहिली ओहोटी’ — सात खंडांतला पहिला — छापणार!

ईमेल आला तेव्हा माझे दोन्ही हात क्लेमच्या तोंडात होते. दाढ अर्धी कोरलेली. बायकोने, रोनाने, बाहेरच्या टेबलावरून ओरडून वाचून दाखवलं आणि मी दवाखानाभर नाचलो. क्लेम बिचारा तसाच आ वासून पडलेला. शेवटी घशातून विचित्र आवाज काढायला लागला तेव्हा भानावर आलो.

चूळ भरल्यावर म्हणाला, “अभिनंदन लेका. आता छापलेलंच वाचतो. तोंडी ऐकवणं बंद कर.”

बंद कशाला? गेली कित्येक वर्षं टास्मानियातलं हे अख्खं सिग्नेट गाव माझ्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून वेस्काची गोष्ट ऐकत आलंय. इतके शांत श्रोते कुठल्या लेखकाला मिळतात? एकानेही मध्येच तोडलेलं नाही.

३ जुलै

लेकीला, टॅम्सिनला, एडिनबराला फोन केला. पोरगी किंचाळलीच. “वेस्का? आपली वेस्का?”

हो, आपलीच. ही लहान असताना रोज झोपताना सांगायचो ती. वेस्का किल्ल्यातून पळते, बर्फात शिरते, राक्षसांच्या तावडीत सापडते आणि घरी येते. ती घरी पोचल्याशिवाय ही बया डोळे मिटायची नाही. पुस्तकात राजघराणी, लढाया, बोलणारे देवमासे असं बरंच वाढलंय, पण मूळ गोष्ट तेवढीच आहे. मुलगी घरी येते.

टॅम्सिन डिसेंबरात येतेय. दोन वर्षांसाठी म्हणून गेली होती, सहा होत आली. आता पुरे. होबार्टच्या एका इस्पितळात तिच्या कामाची जागा रिकामी आहे, मी चौकशी करून ठेवलीय. रोना म्हणते, “तिला विचारलंस का?” विचारायचं काय त्यात!

९ जुलै

संपादिकाबाईंचं पहिलं सविस्तर पत्र. फिलिपा नाव. दीड पान नुसतं कौतुक. मी दोनदा वाचलं, रोनाला एकदा वाचायला लावलं. मग खाली हळूच — “एक अडचण आहे. तुमच्या जगात दक्षिणेला बर्फ आणि उत्तरेला ऊन कसं? वाचकांचा गोंधळ उडेल.”

कसं म्हणजे काय! असतंच तसं. दुपारी सूर्य उत्तरेला असतो, म्हणून तर टास्मानियातला शहाणा माणूस स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला काढतो. आणि दक्षिणेचा वारा सुटला की तो थेट बर्फावरून येतो, दोन स्वेटर घालूनही हाडं कुडकुडतात. लिहिताना मला एकदाही वाटलं नाही की यात काही ठरवण्यासारखं आहे. राक्षस मी मनाने रचले. सूर्य होता तिथेच ठेवला.

बाईंना राक्षस चालतात. देवमासे बोललेले चालतात. सूर्य उत्तरेला चालत नाही!

१० जुलै

रोना सकाळपासून हसतेय. पेशंटना फोनवर सांगत होती, “डॉक्टर आज सूर्य हलवताहेत. उद्या या.”

१५ जुलै

मी ठणकावून लिहिलं होतं की सूर्य हलणार नाही. बाईंनी अतिशय गोड शब्दांत कळवलं की मग करारावर सही कधी होईल ते सांगता येणार नाही.

संध्याकाळी टॅम्सिनला विचारलं, तिकडे उलट्या सूर्याचं तुम्ही करता तरी काय? म्हणाली, “सुरुवातीला मीही चुकायचे रे बाबा. बाजारात जायचं म्हणून निघायचे आणि नेमकी उलट दिशेला पोचायचे. आता सवय झालीय. आता इथलंच सरळ वाटतं.”

मी म्हटलं, ये इकडे, आठवड्यात डोकं ताळ्यावर येईल. तेवढ्यात फोन कट झाला. लाइन खराब असावी.

हलवतो सूर्य. साठी उलटलेल्या दंतवैद्याला लंडन पुन्हा विचारायला येणार नाही.

१८ जुलै

कॉम्प्युटरला सांगितलं, सगळ्या ‘उत्तर’च्या ‘दक्षिण’ कर. केल्या. मग सांगितलं, सगळ्या ‘दक्षिण’च्या ‘उत्तर’ कर. त्याही केल्या! आता अख्ख्या राज्यात दक्षिण नावाची दिशाच उरलेली नाही. सगळी सैन्यं उत्तरेकडून निघून उत्तरेला पोचताहेत.

रोना हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होती. मूळ प्रत जपून ठेवली होती म्हणून वाचलो.

२ ऑगस्ट

झालं. बर्फ वर, ऊन खाली. नकाशा उलटा काढला. वारे फिरवले. खिडक्या फिरवल्या. क्लेमचे पुढचे दोन दात बसवताना त्याला सगळं सविस्तर सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इंजेक्शन कमी पडलं होतं, असं नंतर म्हणाला.

३ ऑगस्ट

पाठवलं. रोनाने फ्लाउंडर मासे तळले, मी वाइनचे दोन ग्लास जास्त घेतले. टॅम्सिनच्या खोलीला आता रंग काढायला हवा.

२६ ऑगस्ट

फिलिपाबाईंचं पत्र. आज सकाळी आलं आणि अजून माझं कशात लक्ष नाही. बरं झालं, दुपारनंतर पेशंट नव्हते.

“शेवट वाचून अख्खं ऑफिस रडलं. काय धाडस! सगळं पुस्तकभर ती घरासाठी झुरते, सुटते, आणि शेवटच्या ओळीत घराकडे पाठ फिरवून बर्फाकडे चालू लागते! हे मूळ प्रतीत नव्हतं ना? आम्ही जाहिरात यावरच करणार.”

मी असं काही लिहिलेलंच नाही!

शेवटची ओळ मला तोंडपाठ आहे. ‘उगवता सूर्य उजव्या हाताला ठेवून वेस्का चालू लागली.’ उजवीकडे पूर्व म्हणजे तोंड उत्तरेला. घर उत्तरेला. झालं, पोरगी घरी.

पण घर मी दक्षिणेला हलवलंय ना! आणि बर्फ उत्तरेला. कॉम्प्युटरने सगळ्या दिशा फिरवल्या, उजवा हात कोण फिरवणार? डावा करायचा राहून गेला.

खात्री करायला स्वयंपाकघरात उभा राहिलो. रोनाला पूर्वेच्या दाराशी सूर्य म्हणून उभं केलं, चहाच्या कपासकट. उजवा हात तिच्याकडे केला आणि समोर पाहिलं. खिडकी. उत्तर. पुस्तकात आता तिकडे नुसतं बर्फ.

“मी आणखी किती वेळ उगवू?” रोनाने विचारलं.

मी म्हटलं, वेस्काला मारलं मी. पहिल्याच खंडात!

२७ ऑगस्ट

बाईंना लिहिलं, चूक झाली, ‘उजव्या’चा ‘डाव्या’ करा. एका शब्दाचं काम.

उत्तर तासाभरात. “कृपा करून हात लावू नका! पुस्तक तुमचं आहे, शेवटचा शब्द तुमचाच. पण पुढच्या सोमवारपर्यंत थंड डोक्याने विचार करा.”

३० ऑगस्ट

विचार कसला करायचा? दुसऱ्या खंडात ती गादीवर बसते. चौथ्यात तिचं लग्न आहे. जेवणावळीचा बेतसुद्धा लिहून तयार आहे!

क्लेम म्हणाला, “मग आता सहा खंड मला काय ऐकवणार? बर्फ?” रोना म्हणाली, “मला नवा शेवट आवडला.” मी तिच्याशी जेवणभर बोललो नाही. तिनेही बोलावं म्हणून काही खटपट केली नाही.

खरं सांगायचं तर गादी, लग्न, सगळं गेलं खड्ड्यात. मला त्या पोरीला घरी आणायचंय. इतकी वर्षं, इतकी पानं, मी दुसरं काही केलेलंच नाही. ती दारातून आत येते असं मनात आलं की मला बरं वाटतं. ती बर्फात चाललीय असं मनात आलं की झोप लागत नाही.

ठरलं. डावा हात. बाईंनी करार फाडला तर फाडू देत.

३१ ऑगस्ट

मेल लिहून ठेवला, पाठवला नाही. रोना म्हणाली, “पाठवायच्या आधी टॅम्सिनला वाचू दे. गोष्ट तिचीही आहे.” हे मात्र बरोबर बोलली. अख्खं पुस्तक टॅम्सिनला पाठवलं. शेवटी काय गोंधळ झालाय तेही लिहिलं, आणि मी तो दुरुस्त करतोय हेही.

खोलीला पिवळा रंग आणला. फिका. तिला आवडेल.

१ सप्टेंबर

टॅम्सिनचा फोन. रात्रभर जागून वाचलं म्हणाली. आवाज बसलेला.

“बाबा, उजवाच हात राहू दे. ती चुकलेली नाहीये रे. तिला कुठे जायचंय ते तिला माहितीये.” मग — “मी डिसेंबरात येतेय ना, ती फक्त भेटायला. परतीचं तिकीट काढलंय. किती महिने झाले, सांगायला धीर होत नव्हता.”

रोनाला अजून सांगितलेलं नाही. लंडनला कळवलं, उजवा हात राहू द्या.