राजेसाहेबांची खुर्ची

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
१८ मे २००६

चि. उत्तम,

अनेक आशीर्वाद. तू, रुचिता, मुलं मजेत असाल. इथे उकाडा फार, त्यात पाणी एक दिवसाआड येतंय. बाबांचा खोकला आता बरा आहे. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी तू ठाण्यात हॉल घेतलास म्हणे. कळल्यावर आनंद व्हायला हवा होता.

परवा काशीगावात शेजारच्या समिधाचं लग्न होतं. बाबांनाही नेलं. नवरा ज्या खुर्चीत बसला होता, ती बघून बाबा थबकले. काळी शिसवी खुर्ची, हातांवर शिंपल्याची नक्षी आणि पाठीवर शिंपल्याचेच तुकडे जडवून केलेला मोर.

आजोबांनी आणि बाबांनी संस्थानच्या राजेसाहेबांसाठी घडवलेली आपली खुर्चीही अशीच होती. संस्थान विलीन झालं, न्यायला कुणी आलंच नाही. बाबा माझ्याकडे राहायला आले तेव्हा माझ्या एवढ्याशा घरात मावेना, म्हणून तुझ्याकडे ठाण्याला ठेवली. गेल्या वर्षी तुझा फोन आला, "ताई, वाळवीनं पार पोखरली गं, टाकून द्यावी लागली." बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. वर मलाच म्हणाले, "उत्तमला काही बोलू नकोस. त्याला आधीच वाईट वाटलं असेल."

मला वाटलं, तशीच दुसरी असेल. बाबा आहेर द्यायला स्टेजवर चढले आणि खुर्चीच्या हातावर बोटं फिरवली. तिथला एक शिंपला जरा तिरका आहे, बाबांनी आयुष्यात बसवलेला पहिला. खाली उतरले ते थेट डेकोरेटरकडे.

"ये कुर्सी कहां से लाए?"

तो खुशीत सांगायला लागला, "राजा की है, अंकल! ठाणे के एक साहब से ली. उनके फादर ने बनाई थी. बोले, फादर तो गुजर गए, अब कौन संभालेगा?"

"कब गुजरे?" बाबांनी विचारलं.

"वो नहीं पूछा."

 

उत्तम, खुर्ची नकोशी झाली होती तर सांगायचंस. मी पलंग काढून तिला जागा केली असती. वाळवीची थापही एक वेळ गिळली असती. पण माझ्या घरात चहा पिणाऱ्या, रोज तुझी चौकशी करणाऱ्या माणसाला तू मारून टाकलंस? आणि तेही एक खुर्ची घराबाहेर काढायला?

फोनवर हे माझ्या तोंडून निघालं नसतं. हॉल रद्द कर. बाबा येणार नाहीत. मघाशी त्यांना विचारलं, "उत्तमला लिहितेय. तुमचं काही सांगू?"

म्हणाले, "मी काय सांगणार? मी गेलोय ना."

बाबांची मुलगी,
वासंती